खिडकीतला टीव्ही आणि धांदरट हात

आमच्या साताऱ्याच्या घरात केबल आल्यापासून एका इंग्रज माणसाशी माझं वैर चालू आहे. त्याला ते माहीत नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकली की तो पडद्यावर येतो. पोट टेबलाला टेकलेलं, गाल लाल, कंबरेला फडकं. आधी एक जुनाट चुटका सांगतो, मग वाडग्यात लोण्याचा गोळा टाकतो, त्यावर साय, त्यावर साखर, पुन्हा लोणी. त्याच्या आजोबांच्या काळचे पदार्थ म्हणे. मध्येच हात थांबवतो, आपल्याकडे बघून डोळा मारतो आणि आणखी एक गोळा टाकतो. आमच्या घरातली झाडून सगळी माणसं तेव्हा खदखदून हसतात. निम्म्यांना त्याची भाषा कळत नाही. उरलेल्या निम्म्यांना कळते, असं ते म्हणतात.

मी तेवढ्यात उठते आणि कपडे वाळलेत का बघायला जाते. पावसाळ्यातसुद्धा जाते. "आईला साखर आहे ना, तिला ते गोडधोड बघवत नाही," असं माझा मुलगा पाहुण्यांना समजावून सांगतो. मीही सांगू देते. माणसाच्या रागाला एखादं दुखणं जोडून दिलं की घरात शांतता राहते.

त्या कार्यक्रमात गंमत नाही, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर हे खाऊ नका म्हणतो, सुना तेल मोजून घालतात, आणि एक धष्टपुष्ट म्हातारा सांगतो, खा रे बाबांनो, मीही खातोय. कुणाला बरं वाटणार नाही? एकदा तर मलाही हसू फुटलं होतं. मी ते पदरात घेऊन खोकून टाकलं. माझं भांडण लोण्याशी नाही, साखरेशीही नाही. त्या डोळा मारण्याशी आहे. आणि ते फार जुनं आहे.

टीव्ही मी पहिल्यांदा पाहिला तो सत्तरच्या दशकात, कोरेगावच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात. तो टीव्ही म्हणजे आमच्याच सोप्याची खिडकी होती.

मी मूळची सांगलीची. मॅट्रिक झालेली, थोडी शिष्ट, बाजारपेठेत वाढलेली. सासर शेतीचं, ऊस आणि दोन म्हशी. नवरा फौजेत. रजेवर आले, लग्न केलं, मला घरात ठेवलं आणि रजा संपल्यावर पुन्हा सरहद्दीवर गेले. घरात मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. सासरे नव्हते. आणि मी सासरी आले त्याच वर्षी घरात तिसरं माणूस आलं, ते म्हणजे माझे चुलत सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची, गाव लंडनवाले म्हणायचं. ते लंडनला कधी राहिलेच नव्हते. विलायतेतल्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावात पावाच्या कारखान्यात ते रात्रपाळी करायचे. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. तिकडच्या थंडीनं पाठ धरली तेव्हा एक ट्रंक, एक कोट आणि एक पांढरं फडकं घेऊन परत आले.

तिकडं ते एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहायचे. म्हातारीकडे टीव्ही होता, आणि त्यावर एक थोराड आचारी यायचा. बोलता बोलता शिजवायचा आणि हसवायचा. त्याच्या शेजारी एक मुकी बाई असायची, तिचे फक्त हात दिसायचे. ती भांडी सरकवायची, तो बोलायचा. मामंजी ड्यूटीवर जायच्या आधी तो कार्यक्रम बघायचे. ही सगळी हकिकत त्यांनी गावात इतक्या वेळा सांगितली, की शेवटी पारावरचा एक जण म्हणाला, "सांगतोस कशाला गड्या, करूनच दाव की."

मामंजींनी दाखवलं. सोप्याच्या खिडकीचे लाकडी गज उपटून काढले. आतून टेबल लावलं, टेबलावर स्टोव्ह. कंबरेला ते पांढरं फडकं. रविवारी दुपारी खिडकीच्या बाहेर अंगणात घोंगडी अंथरली, बायामाणसं येऊन बसली, आणि आमच्या घराच्या भिंतीत टीव्ही सुरू झाला.

मुकी बाई म्हणून मी होते.

मला कुणी विचारलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्याला जरा हाताखाली हूब ऱ्हा," आणि मी उभी राहिले. मामंजींनी मला खिडकीच्या बाजूला भिंतीआड उभं केलं. बाहेरच्यांना माझे फक्त हात दिसत. हिरव्या बांगड्या घातलेले दोन हात आत-बाहेर होत, वाटी ठेवत, परात उचलत. गावात मी नवीन, तोंडावर पदर, त्यामुळे बऱ्याच बायांना माझा चेहरा माहीत नव्हता. पण पाण्याला गेले की म्हणत, "ह्येच की ग ते टीवीतलं हात." मॅट्रिक होऊन मी हात झाले होते.

मामंजी मात्र रंगात यायचे. "आता बगा मंडळी, पाव घेतला. शिळा हाय, पर आपुन बी काय ताजं ऱ्हायलोय?" हशा. "आता लोनी. आमचा आचारी म्हनायचा, अंगठ्याएवढं घ्या." मग बचकभर लोणी घ्यायचे, बाहेर बघून डोळा मारायचे, आणि म्हणायचे, "अंगठा त्याचा लय जाड व्हता." अंगण लोटपोट व्हायचं. पावात लोणी, दूध, अंडं, गूळ, आणि वरून काकवी. हे सगळं पातेल्यात भाजून निघालं की एक गोडमिट्ट लगदा तयार व्हायचा आणि पानाच्या द्रोणातून तो अंगणभर फिरायचा. मीही चाखला. वाईट नव्हता. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण वाईट नव्हता.

त्रास मला वेगळाच होता. ते लोणी आत्याबाईंचं होतं, आणि तूप कढवण्यासाठी ते साठत होतं. तूप वन्संसाठी हवं होतं.

वन्सं म्हणजे माझी एकुलती एक नणंद. वडूजला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं, कारण तिच्या सासूबाईंनी तिला सुगी सोडून माहेरी पाठवली नाही. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ती रानात होती. ते मूल जगलं नाही. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नसे. पण तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तसं आत्याबाईंनी एकच धरलं होतं: ह्या खेपेला पोरगी इथं आणायची, बाळंतपण साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात करायचं आणि तिला सव्वा महिना खाटेवरून उतरू द्यायचं नाही. डिंकाच्या लाडवांचं तूप त्याच्यासाठी होतं.

अडचण होती विहीणबाईंची. त्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आमच्यात मटण चालतं. आठवड्याला नाही, पण सणासुदीला, पाहुण्याला गोठ्यामागच्या वेगळ्या चुलीवर शिजतं. त्याची भांडीही तिथंच राहतात. लग्न जमलं तेव्हा विहीणबाईंनी बजावलं होतं, पोरगी आमच्यात आली की तिनं सोडायचं. वन्संनी सोडलं. तरी काही बिनसलं की तिला ऐकावं लागे, "मटनखाऊंची लेक." त्यामुळे बाळंतपणाला माहेरी ठेवायचा विषय काढला तेव्हा विहीणबाईंनी लगेच होकार दिला नाही. निरोप धाडला, "डोहाळजेवनाला येते. घर बगते, चूल बगते. मग ठरवू."

म्हणजे ते डोहाळजेवण म्हणजे आमची परीक्षा होती. आत्याबाईंनी आठ दिवस आधीपासून घर सारवून काढलं. लोणी कोठीत कुलपात गेलं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मामंजींना त्यांनी स्वच्छ सांगितलं, "आता लोन्याला हात लावायचा न्हाई. तुमचा टीवी बंद."

"वैनी, डोहाळजेवनाला तर करू द्या," मामंजी म्हणाले. "वडूजची मानसं येत्याली, त्यांनी बी बगू द्या की. एकच पदार्थ. लोनी न्हाई लागायचं, माझ्या जबाबदारीवर."

आत्याबाई पुरणाच्या डाळीत होत्या. "काय करायचं ते करा," म्हणाल्या. ह्या चार शब्दांनी पुढचं सगळं झालं.

त्या सकाळी मामंजी माझ्याकडे खोबऱ्याची किसणी मागायला आले. मी दिली. थोड्या वेळानं शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागं गेले तर ते मटणाच्या चुलीपाशी उकिडवे बसून काही तरी किसत होते. पांढरंशुभ्र, पिठात लोळवलेलं. मला वाटलं खोबरं. म्हटलं, कोरडं खोबरं इतकं चिकट कसं. मग शेजारी खाटकाच्या दुकानातला कागद दिसला.

"मामंजी, हे काय वो?"

"गुर्द्यावरची चरबी. बोकडाची हाय, घाबरू नको," ते खुशीत म्हणाले. "खरा पदार्थ ह्याचाच. पिठात मिसळायची, मनुका, गूळ, सगळं फडक्यात बांधायचं आन उकडायचं. तो आचारी नाताळाला करायचा. लोन्याची गरजच न्हाई बग."

मला आधी कळेचना, रडायचं की त्यांच्या डोक्यात पाटी घालायची. "आवं, पण आज वडूजच्या येणार. त्या माळकरी हायेत. त्यास्नी चालत न्हाई."

"खोबरं म्हनायचं."

"मामंजी—"

"कळतंय कुनाला?" आणि त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. तोच, टीव्हीतला.

मी तिथंच उभी. तोवर दर रविवारी मी भिंतीआड उभी असायची, त्यामुळे तो डोळा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. बाहेरच्या बायांना तो मिळायचा आणि त्या हसायच्या, कारण त्यांना माहीत असायचं, काय घातलंय आणि किती. ज्याला डोळा मारला तो आपल्यातला. इथं जी बाई खाणार होती तिच्याकडे पाठ करून तो मारला होता. मला आपल्यातली करून घेतलं होतं, न विचारता, हातांसारखंच.

आता कुणी म्हणेल, जाऊन सासूला सांगायचं. गेले होते. पण वडूजची मंडळी सकाळच्या एसटीनं आधीच येऊन टेकली होती, आणि विहीणबाई स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. चुलीवरचं प्रत्येक झाकण काढून बघत होत्या.

"आज समदं येगळं हाय न्हवं, ईनबाई?" त्या विचारत होत्या.

"गंगेच्या पाण्यागत," आत्याबाई म्हणाल्या. "घरात आज वास बी न्हाई कशाचा. तुमी म्हनाल त्याची आन घेते."

आत्याबाईंचा चेहरा मला पाठ होता. त्यांना खोटं लपवता येत नसे. कानात सांगितलं असतं तर तोंड पांढरं पडलं असतं, आणि विहीणबाईंनी तिथंच विचारलं असतं, काय झालं. मग वन्संचं गाठोडं त्याच एसटीनं परत वडूजला. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर आले. मामंजींना पुन्हा एकदा जाऊन म्हटलं, "मामंजी, हे आज नका आणू. उद्या करू." ते म्हणाले, "समदा गाव बगाया आलाय, येडी हाईस का?" त्यांच्या डोळ्यांत लहान पोराचा हट्ट होता. म्हाताऱ्या माणसात तो दिसला की लोकांना लोभस वाटतो. मला वाटला नाही.

दुपारी ओटी भरली, आंबराईतल्या पानांनी सजवलेल्या झोपाळ्यावर वन्संना बसवलं, हिरवी साडी, डोक्यात फुलं. जेवणं झाली. विहीणबाईंनी पुरणाची पोळी तीन वेळा घेतली आणि एकही खोड काढली नाही. आत्याबाईंनी माझ्याकडे बघून श्वास सोडला. आणि मग खिडकीतून आवाज आला, "मंडळी, बसा."

अंगण भरलं. सगळ्यांत पुढं पाटावर विहीणबाई, त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर वन्सं. मी भिंतीआड माझ्या जागी. परात माझ्या हातात, परातीत फडक्यात बांधलेला तो गोळा, अजून वाफाळणारा. फडकं म्हणजे मामंजींच्या जुन्या धोतराचा तुकडा होता, तेही त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"हे विलायतेतलं नाताळाचं पक्वान्न. राजाला बी हेच आन मजुराला बी हेच. आमचा आचारी म्हनायचा, ह्ये खाल्लं की मानूस उन्हाळ्यापातूर आंघोळ करत न्हाई, आतूनच गरम ऱ्हातो." हशा. विहीणबाईंच्या ओठांची कडसुद्धा हलली. "काय काय घातलंय सांगतो. कणीक. गूळ, आमच्या सुनेच्या माहेरचा, सांगलीचा. मनुका. आन..." इथं ते थांबले, "खोबरं." आणि पुन्हा डोळा मारला. सगळं अंगण हसलं. का हसतोय ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी गाठ सोडली. वाफ बाहेर गेली. गूळ-मनुकांच्या गोडव्याखालून तो वास आला. मटण खाऊन वाढलेल्या माणसाला तो वास चुकत नाही. मला आला. आणि खिडकीच्या कडेतून बघितलं तर वन्संना आला होता. तिला सातवा महिना, त्या दिवसांत नाक कसं असतं हे बाईला सांगायला नको. तिनं झोपाळ्याची साखळी धरली. तिची नजर आधी परातीवर गेली आणि मग खिडकीच्या कडेला, जिथं माझे हात दिसत होते, तिथं येऊन थांबली. ती नुसती बघत राहिली, जसं पाण्यात पडलेलं माणूस काठावरच्याकडे बघतं.

"पयला मान ईनबाईंचा," मामंजी म्हणाले. "दे ग, परात फुडं कर."

मी परात पुढं केली. खिडकीच्या बाहेर, हातभर, सगळ्यांना दिसेल अशी. आणि सोडून दिली.

त्या आवाजानं गोठ्यातल्या म्हशी उठल्या. परात गोल गोल फिरत तुळशीपर्यंत गेली. गोळा मात्र फुटला नाही, तसाच गडगडत मांडवाच्या खांबाला जाऊन थटला. आमचं कुत्रं तिथंच लोळत होतं. माझ्या सासरच्यांपैकी एवढं एकच माणूस त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहिलं. त्यानं तो गोळा धोतराच्या तुकड्यासकट तोंडात धरला आणि उसात पळालं.

 मग अंगण हसायला लागलं. असं हसलं, की त्याआधीचे सगळे रविवार फिके. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग. मामंजींचा चेहरा लाल झाला, पण खिडकीतला माणूस होता तो. म्हणाले, "तिकडं बी असंच हुतं मंडळी. ती मुकी बाई बी वरचेवर पाडायची." टाळ्या.

हसल्या नाहीत त्या दोघीच. आत्याबाई खिडकीशी आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "हाताला काय लोनी लावलं हुतं का ग? भर कार्यात परात पाडतीस?" आणि विहीणबाई पाटावरून उठल्या.

"ईनबाई, सून लय धांदरट हाय तुमची," त्या म्हणाल्या. "ह्या हातात माझं नातवंड द्यायचं म्हंता?"

मला वाटलं, संपलं. जे वाचवायला गेले तेच माझ्या हातून जमिनीवर आपटलं. आत्याबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "तिला हात लावू द्यायची न्हाई, ईनबाई. सव्वा महिना पोर माझ्या मांडीवर. ही पोरापाशी दिसली तर मला सांगा."

विहीणबाईंनी वन्संकडे बघितलं, मग घराकडे, मग दारातल्या रांगोळीकडे. "चूल साफ हाय तुमची," त्या शेवटी म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या हितं. बाळंतपन झालं की सव्वा महिन्यानं न्यायला येते."

वडूजची एसटी गेल्यावर मी गोठ्यामागं चूल विझवत होते. मामंजी तिथं आले. कंबरेचं फडकं अजून तसंच.

"पाडलंस न्हवं तू?"

"व्हय."

"का?"

"चरबी हुती, मामंजी."

"अगं पर कळलं कुनाला असतं?"

"मला कळलं हुतं. वन्संलाबी कळलं हुतं."

ते चुलीपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "त्या खोलीत दिवसा झोपायचं, रातीला पाव भाजायचं. वर्साची वर्सं. कुनी नाव घेऊन हाक मारत नव्हतं मला तिकडं. तो आचारी तेवढा माझ्याकडं बगून डोळा मारायचा. मला वाटायचं, मलाच."

मी दगड नव्हते. त्यांची कीव आली. पण कीव आली म्हणून राग जातो असं कुणी ठरवलंय? मी राख सारली, किसणी धुतली आणि ती मटणाच्या भांड्यांत ठेवून दिली. तिची जागा आता तीच होती. आत्याबाईंनी पुढं कित्येक महिने ती किसणी घरभर शोधली आणि शेवटी माझ्यावरच आळ घेतला की मी ती माहेरी पाठवली. मी तोही ऐकून घेतला. एक परात पाडल्यावर माणसाला सगळंच ऐकण्याची सवय होते.

पुढचे दोन-तीन रविवार मामंजींनी माझ्याशिवाय कार्यक्रम केला. तो काही चालला नाही. लोक परात पडायची वाट बघत बसायचे, आणि ती पडत नसे. एक दिवस त्यांनी गज पुन्हा ठोकले. मला वाईट वाटलं नाही.

वन्संना साताऱ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, रडकी. घरी आणली, आणि आत्याबाईंनी शब्द पाळला. बाळाला पाळण्यात घालायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, सगळं त्या करायच्या. मी लाडू वळायची, पाणी तापवायची, लंगोट धुवायची. बघायला येणाऱ्या बाया मला बघून हसत म्हणायच्या, "लांब ऱ्हा ग बाई, लांब ऱ्हा." आत्याबाईही हसायच्या. त्यांच्या हसण्यात विष नव्हतं, नुसती गंमत होती. म्हणूनच त्यांना उत्तर देता येत नसे.

एका दुपारी आत्याबाई शेजारी पापड लाटायला गेल्या. वन्संनी खाटेवरून हाक मारली. मी उंबऱ्यात उभी राहिले, आत गेले नाही, कारण नियम तसा होता. तिनं बाळाला उचललं आणि माझ्याकडे धरलं. "घे," म्हणाली. "कुनी न्हाई बगत."

मी घेतलं. फार हलकं होतं. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. इतके दिवस ऐकून माझाच माझ्या हातांवर विश्वास उरला नव्हता.

"पाडू नको हं, वैनी," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मी बाळ घेऊन तशीच उभी. त्या दुपारी परातीबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि नंतरही कधी नाही.

परात मात्र घरात चांगलीच रुजली. हे रजेवर आले की त्यांना ती गोष्ट ऐकवली जायची. माझ्या मुलांना ती अंगाईसारखी ऐकवली गेली. विहीणबाईंनी वडूजला नेऊन तिथंही लावली. मी कुठं पाहुणी गेले की यजमानीण काचेची भांडी आत ठेवायची. मामंजी गेले, विहीणबाई गेल्या, आत्याबाई तर शेवटच्या दुखण्यातही माझ्या हातातला पाण्याचा पेला बघून म्हणाल्या, "नीट धर."

आता खरं सांगायला हरकत नाही, असं मलाही वाटतं. पण सांगायचं कुणाला? जिला सांगायला हवं ती वन्संची मुलगी आता साताऱ्यातच नोकरीला आहे, रविवारी जेवायला येते आणि जेवण झालं की कोचावर पाय घेऊन तो इंग्रज लावते. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसते. तिच्या आईलाही, माझ्या वन्संना, ती घेऊन येते.

परवाच्या रविवारी त्या आचाऱ्यानं फडक्यात बांधलेला तसलाच एक गोळा पातेल्यातून काढला. त्या दिवशी त्याच्या मदतीला एक बाई होती, तिच्या हातातून बशी निसटली. पीठ उडालं. तो आपल्याकडे वळला आणि त्यानं डोळा मारला.

"मामी, मामी, बघा, ह्या तुम्हीच," माझी भाची हसून हसून म्हणाली. मुलगा हसला, सून हसली. मी कपडे बघायला उठले.

वन्सं हसल्या नाहीत. त्या आता ऐकू कमी येतंय म्हणून टीव्हीच्या अगदी पुढं बसतात. त्यांनी हात पुढं केला आणि टीव्हीचं बटण दाबून तो बंद केला.

"अगं आई, काय करतेस? छान चाललं होतं की."

"मला न्हाई आवडत तो मानूस," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वैनी, बाहेर उन्हात कशाला जातीस. हितं बस माझ्यापाशी."

कपडे बाहेर वाळत राहिले. मी बसले.